मनूचा शॉन आणि घरातली मतं

मनू सव्वादोन वर्षांची झाली तेव्हा तिच्याजवळचे शब्द वीसच्या आत होते, आणि त्यातलेही बरेचसे नुसते आवाज. भूभू, हम्मा, टाटा, झुकझुक. दोन शब्द जोडणं तर लांबच. आम्ही ब्रिस्टलला राहतो. इंग्लंडमध्ये मूल दोन ते अडीच वर्षांचं असताना हेल्थ व्हिजिटर, म्हणजे लहान मुलांच्या वाढीवर लक्ष ठेवणारी नर्स, त्याची पाहणी करते. त्याआधी एक लांबलचक प्रश्नावली घरी येते, ती आईवडिलांनी भरायची. मूल जिना चढतं का, ठोकळ्यावर ठोकळा ठेवतं का, चमच्यानं खातं का, या सगळ्यापुढे मी 'हो'वर खूण करत गेले. बोलण्याच्या पानावर मात्र 'अजून नाही'ची रांग लागली.

हेल्थ व्हिजिटर शांत स्वभावाची होती. तिनं मराठी शब्दही मोजायला लावले. मूल दोन भाषांत वाढत असेल तर दोन्हींतले शब्द मिळून हिशोब करतात. दोन वर्षांच्या मुलाकडे साधारण पन्नासेक शब्द असावेत आणि ते जोडायला त्यानं सुरुवात केलेली असावी, अशी ढोबळ अपेक्षा. मनू दोन्ही भाषा धरूनही मागेच होती. पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी कानांची तपासणी, कारण कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठलं असेल तर मुलाला नीट ऐकूच येत नाही. मग स्पीच थेरपिस्ट. कान ठणठणीत निघाले. थेरपिस्टची यादी लांब होती.

ही बातमी दोन्हीकडच्या घरांत पोचली आणि मतं यायला लागली.

माझी आई नागपूरला असते. ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "काहून गं, दोन दोन भाषा कानावर पडते म्हणून गोंधळून गेली असन पोरगी. तुम्ही घरी इंग्लिशच बोला ना मग." पुण्याचे धाकटे दीर जास्त स्पष्ट. त्यांनी आधी विचारलं, "टीव्हीवर काय बघते ती?" मी म्हटलं, शॉन द शीप. ते काय आहे हे त्यांनी शोधून पाहिलं असावं, कारण संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर त्यांचा मेसेज आला: 'ज्यात कुणी एक अक्षर बोलत नाही, तीच मालिका निवडलीत? मग ती बोलायला शिकणार कुणाकडून?'

प्रश्न वरवर पाहता बिनतोड होता. नवऱ्याकडेही उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

शॉन आमच्या घरात आला तो निवडून वगैरे नव्हे. ब्रिस्टलमध्ये राहून तो टाळताच येत नाही. त्याला घडवणारा आर्डमन हा मातीच्या बाहुल्यांच्या फिल्म करणारा स्टुडिओ याच गावातला, 1972 साली पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन या दोन मित्रांनी सुरू केलेला. बंदरावर ब्रुनेल या इंजिनिअरची जुनी लोखंडी आगबोट ठेवली आहे ना, तिच्या शेजारच्या गल्लीत त्यांची इमारत आहे. आत जायला मिळत नाही. बाहेरून जाताना लोक काचेतून डोकावतात तेवढंच. शॉन पहिल्यांदा दिसला 1995 मध्ये, वॉलेस आणि त्याचा कुत्रा ग्रोमिट या आर्डमनच्याच जोडीच्या अर्ध्या तासाच्या एका चित्रपटात, एक छोटीशी भूमिका करून. त्याची स्वतःची मालिका 2007 मध्ये आली. एकेक भाग सात मिनिटांचा. मॉसी बॉटम नावाचं एक शेत, तिथला जाड चष्म्याचा फार्मर, निळी लोकरीची टोपी घातलेला आणि हातात पॅड-पेन घेऊन फिरणारा बिट्झर हा कुत्रा, आणि मेंढ्यांचा कळप. त्या कळपातली एकच मेंढी डोकं चालवते, तो शॉन. फार्मरला या कशाचाच पत्ता नसतो. तो पाठमोरा झाला की मेंढ्या दोन पायांवर उभ्या राहतात.

संवाद नाहीत, पण ही मालिका मुकी मुळीच नाही. मेंढ्या भें करतात, बिट्झर गुरगुरतो, शिट्टी मारतो, डुकरं खिदळतात. फार्मर सतत काहीतरी पुटपुटत असतो, ज्यात शब्द एकही नसतो आणि वैताग पुरेपूर असतो. माझ्या नवऱ्याच्या मते त्याचा मॅनेजर मीटिंगमध्ये हुबेहूब असाच बोलतो. ओठांची हालचाल शब्दांशी जुळवायची नाही म्हटल्यावर डबिंगचा प्रश्नच मिटतो, आणि म्हणून फलटणच्या आजोबांना आणि ब्रिस्टलच्या नातीला एकच भाग जसाच्या तसा दाखवता येतो. हे आमच्या घरात प्रत्यक्ष घडलं ते एप्रिलमध्ये, सासू-सासरे सहा महिन्यांच्या व्हिसावर आले तेव्हा.

सासूबाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. सासरे, म्हणजे अण्णा, फलटण तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक होते. आयुष्य गाई-म्हशी, शेळ्या आणि धनगरांच्या मेंढ्या तपासण्यात गेलेलं. आल्या आल्या मनूनं त्यांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं आणि टीव्हीकडे बोट केलं. कोबीच्या गड्ड्यानं मेंढ्या फुटबॉल खेळतात तो भाग लागला होता. अण्णांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि निकाल दिला, "हे मेंढरू न्हाई. ही शेळी हाय."

आम्ही हसलो, पण ते गंभीर होते. त्यांचं म्हणणं असं: मेंढरू खाली मान घालून पुढच्याच्या मागं जातं. कुंपणावरून उडी मार, दार उघड, डब्यात तोंड घाल, असले उद्योग शेळीचे. म्हणून तर धनगर मेंढ्यांच्या कळपात चार शेळ्या ठेवतो, त्या पुढं चालतात आणि कळप मागनं येतो. "मेंढीचं कातडं पांघरलेली शेळी हाय ही. करणाऱ्यानं कळप बघितलाय, पण एकटं मेंढरू न्हाई बघितलं."

त्यानंतर प्रत्येक भागाला त्यांची टिप्पणी चालू झाली. एका भागात मेंढ्यांना थंडगार पाण्याच्या हौदातून ढकलायचं असतं, आणि शॉन नळी जोडून फार्मरच्या आंघोळीचं गरम पाणी पळवतो. सगळं घर हसत होतं. अण्णा म्हणाले, "ही काय आंघोळ न्हाई. डिपिंग हाय हे. गोचीड, उवा, खरूज याच्यासाठी औषधाच्या पाण्यातनं काढत्यात. डोकं पण बुडवाय लागतं एकदा." टिमी हे कळपातलं एकमेव कोकरू, तोंडात चोखणी आणि हातात टेडी. त्याच्याबद्दल त्यांची वेगळी तक्रार. "एवढ्या मेंढ्या आणि कोकरू एकच? हितल्या मेंढ्यांना तर जुळी होत्यात सर्रास." हे त्यांना पाठ असण्याचं कारण फलटणचंच. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गारोळे नावाच्या ठेंगण्या मेंढीतलं जुळ्यांचं जनुक दख्खनी मेंढीत आणलं आणि 'नारी सुवर्णा' तयार केली. दख्खनी मेंढीला एका वेळी एकच कोकरू होण्याची सवय. दोन झाली तर धनगराचं उत्पन्न वाढतं, पण मग दोघांना पुरेल इतकं दूध आणि चारा लागतो. यावर अण्णा तासभर बोलू शकतात आणि बोललेही. टिमी तोपर्यंत झोपला होता.

सासूबाईंचा आक्षेप निराळा होता. त्यांनी चाळीस वर्षं मुलांना गोष्टी सांगितल्या, त्या सगळ्या तात्पर्यासकट. "इथे सगळे मिळून मालकाला फसवतात, आणि शेवटी कुणाला काही शिक्षा नाही. तो बिचारा कुत्रा तेवढा सगळं निस्तरत बसतो. मुलीनं यातून काय घ्यायचं?" बिट्झर त्यांचा लाडका. पहाटे उठतो, हजेरी घेतो, सगळ्यांची गडबड झाकतो आणि स्वतःचा डबा खायला बसला की कुणीतरी बोलावतं. "मुख्याध्यापिका होते तेव्हाचे माझे दिवस," असं त्या एकदा म्हणाल्या. मला वाटतं तिथून त्यांचा विरोध ढिला पडला.

त्या दरम्यान आम्ही दुसरे पर्यायही पाहिले, दिरांचा शब्द राहावा म्हणून. मराठी बडबडगीतांचे व्हिडिओ लावले. दर दोन सेकंदाला चित्र बदलतं, रंग अंगावर येतात, गाण्यात श्वास घ्यायला जागा नाही. मनू डोळे न मिटता पाहत राहायची आणि बंद केलं की रडायची. शब्द एकही यायचा नाही. पिंगूही आणला. तो 1990 च्या सुमाराचा स्विस पेंग्विन, मातीचाच. त्याचे आवाज कार्लो बोनोमी नावाचा इटालियन कलाकार एकटा काढायचा, मनानं रचलेल्या बोलीत, जी कुठल्याच देशात कुणी बोलत नाही. मला स्वतःला पिंगू शॉनपेक्षा खरा वाटतो. त्याचं रुसणं, बहीण झाल्यावर जळणं, बापाचा ओरडा खाणं हे घरातलं आहे. पण मनूनं त्याच्याकडून नेमका 'नूट नूट' उचलला, आणि भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना तेच ऐकवायला लागली. सासूबाईंनी पिंगूवर बंदी घातली. "शब्द यायची वाट बघतोय आपण, आणि हा भलतीच भाषा शिकवतोय."

अखेर थेरपिस्टची वेळ मिळाली. बाई जमिनीवर बसली, खेळण्यांची पेटी उघडली आणि बराच वेळ मनूशी काहीच बोलली नाही. नुसती शेजारी बसून मनू करेल ते करत राहिली. आम्हाला प्रश्न विचारले ते मात्र भरपूर. घरात कोण कोणती भाषा बोलतं? मी घाईघाईनं सांगितलं की आम्ही आता इंग्रजी बोलायचा प्रयत्न करतो आहोत. तिनं हात वर करून थांबवलं. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलत नाही, तुम्हाला जी भाषा सहज येते, जिच्यात तुम्ही चिडता आणि लाड करता, तीच बोला, असं तिनं निक्षून सांगितलं. सासूबाईंना मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्यांनी तिच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की तिला तिथंच ओवाळतील की काय असं वाटलं.

मग टीव्हीचा विषय निघाला. मी दिरांचा प्रश्न जसाच्या तसा पुढे केला. ती म्हणाली, एकटं बसवलंत तर बोलणारी मालिका काय आणि न बोलणारी काय, या वयात टीव्हीकडून मूल भाषा फारशी उचलत नाही. समोरच्या माणसाकडून उचलतं. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, कमी असेल तितकं बरं, हे जागतिक आरोग्य संघटनेनंही 2019 मध्ये सांगितलं आहे. पण मोठं माणूस शेजारी असेल तर शॉन चांगला, ती म्हणाली, कारण तिथे बोलायला जागा मोकळी आहे. कुणाच्या बोलण्यावर बोलावं लागत नाही. चित्र चालू आहे, तुम्ही सांगा काय चाललंय ते.

तिनं जे शिकवलं ते ऐकायला अगदी सोपं होतं. मुलाला प्रश्न कमी विचारायचे. हाताची बोटं लक्षात ठेवायची: चार वेळा आपण काहीतरी सांगायचं, अंगठ्याला एक प्रश्न. मूल एक शब्द बोललं की आपण तोच शब्द घेऊन त्यात एक घालायचा, ती 'पाणी' म्हणाली तर आपण 'गरम पाणी'. चुकीचं बोलली तर 'असं नाही, तसं म्हण' नाही. आपण नुसतं बरोबर म्हणून पुढे जायचं. आणि मुख्य म्हणजे थांबायचं. रिमोटनं भाग थांबवायचा, मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं, मुलाच्या तोंडाकडे बघायचं आणि गप्प राहायचं.

शेवटचं आमच्या घरात कुणालाच जमेना. मराठी घरात दहा सेकंद गप्प बसलेलं माणूस म्हणजे एकतर रागावलेलं किंवा आजारी. मी पाचपर्यंत मोजेपर्यंत नवरा उत्तर देऊन मोकळा. सासूबाईंचं तर प्रश्न हेच हत्यार. "मनू, हे काय? मेंढी. म्हण, मेंढी. कोण आहे हे? सांग बरं." शाळेत चाळीस मुलांपुढे हे चालतं, एखादं तरी उत्तर देतंच. मनू उठून निघून जायची. चार बोटांचा नियम त्यांना पटला तो बिट्झरमुळे. एके दिवशी त्यांनी आपल्याच नादात, मनूला शिकवायचं म्हणून नव्हे, बिट्झरची कड घेऊन बोलायला सुरुवात केली. "दमला बिचारा. बसला आता. डबा उघडला. आता खाणार. अरे देवा, आली शिट्टी. उठला परत." मनू टीव्हीऐवजी आजीच्या तोंडाकडे बघत होती. अशी छोटी छोटी, घडतं तसं सांगणारी वाक्यं म्हणजेच थेरपिस्टला हवं होतं ते. सासूबाईंना हे कुणी शिकवायची गरजच नव्हती, फक्त परीक्षा घेणं सोडायचं होतं.

अण्णांनी तर आपला रस्ता सोडलाच नाही. ते डिपिंग आणि गोचीड हेच सांगत राहिले, मोठ्या माणसांशी बोलावं तसं, आणि मी थेरपिस्टला विचारलं तेव्हा ती म्हणाली, सांगू देत, पण वाक्यं लहान करायला सांगा. तेव्हापासून अण्णा 'गोचीड' एवढंच म्हणून थांबायला लागले. मनूच्या पहिल्या नव्या शब्दांत गोचीड होता. नर्सरीतल्या बाईंनी हा कुठला मराठी शब्द म्हणून विचारलं आणि मला सांगताना अवघड झालं.

आमची बसण्याची वेळ संध्याकाळची ठरली. दोन भाग, म्हणजे थांबत थांबत अर्धा तास. तोच भाग पुन्हा पुन्हा, कारण पुढे काय होणार हे माहीत असलं की मुलाला आधीच सांगायची घाई होते. मेंढ्या एकावर एक चढून लांब कोटाखाली माणूस बनतात आणि गावात पिझ्झा आणायला जातात, तो भाग मनूचा सगळ्यात आवडता. कोट हलतो, आतल्या मेंढ्या डगमगतात. नवरा तिथं थांबवायचा. एकदा, बरेच दिवस नुसती बोटं दाखवून झाल्यावर, मनू म्हणाली, "पल्ला." अजून कुणी पडलं नव्हतं, ती पुढचं सांगत होती. नवरा गप्प राहिला. (हे मी मुद्दाम लिहिते, कारण हे एकदाच घडलं.) मग त्यानं म्हटलं, "शॉन पडला." मनूनं मान हलवली आणि म्हणाली, "शॉन पल्ली."

यावरूनही घरात चर्चा झालीच. मेंढी म्हणून ती पडली, की शॉन म्हणून तो पडला? अण्णांनी मेंढरू म्हणा आणि पडलं म्हणा, असा तोडगा काढला. मनूनं तो नाकारला. कितीतरी दिवस तिच्या लेखी शॉन पल्ली, फार्मर पल्ली आणि बाबाही पल्ली. आम्ही नुसतं बरोबर रूप म्हणून पुढे जात राहिलो.

मेच्या शेवटी आम्ही सेंट वेरबर्ग्जच्या सिटी फार्मवर गेलो. गावाच्या मधोमध, रेल्वेच्या पुलाजवळ, शेळ्या-मेंढ्या-डुकरं असलेलं छोटंसं शेत आहे, प्रवेश फुकट. मनूनं खऱ्या मेंढीकडे पाहिलं आणि ती माझ्या पायांमागे लपली. मेंढी चार पायांवर होती, गलिच्छ होती आणि तिच्या डोळ्यांत काही विचार दिसत नव्हता. अण्णांना मात्र फार बरं वाटलं. त्यांनी कुंपणावरून हात घालून लोकर चाचपली, दातांकडे पाहिलं, शेपूट कापलेलं पाहून नवऱ्याकरवी तिथल्या मुलीला कारण विचारलं. तिनं सांगितलं, शेपटीखाली घाण साठते, माशी बसते, अळ्या होतात, म्हणून कोकरू असतानाच रबराचं कडं घालतात. दोघांची जुंपली ती लोकरीवर. इथं वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर यंत्रानं कातरतात, आणि बऱ्याचदा लोकर विकून कातरणाऱ्याची मजुरीही निघत नाही. अण्णा म्हणाले, आमच्याकडं वर्षातनं दोनदा कातरत्यात, कात्रीनं, आणि तिथंही तेच. दख्खनी लोकर जाडीभरडी, घोंगडीशिवाय कशाला चालत नाही, आणि घोंगडी आता घेतं कोण? त्या मुलीला मराठी येत नव्हतं, अण्णांना इंग्रजी तुटकं, नवरा मध्ये दुभाषा, आणि तिघंही जोरजोरात माना हलवत होते. मनू पायांमागून बाहेर आली आणि म्हणाली, "मेंली घाण." दोन शब्द, स्वतःचे, कुणी न शिकवलेले, टीव्ही बंद असताना. मी फोनमध्ये तारीख लिहून ठेवली.

मातीचा उद्योग सुरू झाला तो बेंदराच्या निमित्तानं. आषाढात साताऱ्याकडे बेंदूर असतो, मातीचे बैल पुजतात. इथं बैल मिळणार कुठे? सासूबाईंनी मॉडेलिंगची माती आणवली आणि स्वतःच जोडी केली, शिंगं, वशिंड, पाठीवर झूल सगळ्यासकट. मनूनं एका बैलाची शिंगं काढून टाकली आणि त्याला शॉन म्हणाली. नवऱ्याला हुरूप आला. मोबाइल तिवईला बांधून, फोटोमागून फोटो काढून त्याची फिल्म करायचं ॲप त्यानं घेतलं. एका सेकंदाला बारा फोटो म्हटले तरी दहा सेकंदाला एकशेवीस होतात, प्रत्येक फोटोच्या आधी बैल नखभर सरकवायचा, आणि सरकवणाऱ्याचा हात चित्रात येता कामा नये. दुपारच्या उन्हात माती मऊ पडून पाय फाकायचे. स्टुडिओतल्या बाहुल्यांचे पाय असे का फाकत नाहीत, हे मग शोधलं. त्यांच्या अंगात धातूचा सांध्यासांध्यांचा सांगाडा असतो, आणि शॉनचं अंग मातीचं नसतंच मुळी, लोकरीसारख्या कापडाचं असतं. डोळे मण्यांचे, सुईच्या टोकानं फिरवायचे. सगळी माती समजून मी इतके दिवस पाहत होते. सासूबाईंना हे कळल्यावर त्यांनी बैलाच्या पायात आगपेटीच्या काड्या घातल्या. बैल उभा राहिला.

फिल्म आठ सेकंदांची झाली. बैल दोन पावलं चालतो, पडतो, उठतो. मनूनं ती इतक्या वेळा पाहिली की शॉन मागे पडला, आणि दर वेळी ती आधीच ओरडायची: "बैल पल्ला! उठ!" पल्ला, पल्ली नाही. नागपूरला पाठवली. आई म्हणाली, "बाप्पा, किती बोलते आता!" आणि लगेच, "पण बैलाचं शेपूट कुठाय?" दिरांनी ग्रुपवर अंगठा टाकला. चार दिवसांनी त्यांनी खाजगीत विचारलं की त्यांच्या मुलालाही दाखवावी का ही मालिका. तो दिवसभर यूट्यूबवर कसली कसली गाणी ऐकतो.

आता यातलं काय शॉनमुळे झालं, काय आजी-आजोबांमुळे, काय नर्सरीमुळे आणि काय तिचं तिनंच, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. थेरपिस्टनंही तसा दावा केला नाही. सगळ्या मुलांना एवढ्यानं भागत नाही, हेही तिनं सांगितलं होतं. तिच्या पुढच्या भेटीत मनूनं पेटीतली मेंढी उचलून तिच्यापुढे धरली आणि "गोचीड" असं म्हणून तिच्या डोक्यावर ठेवली. बाईंनी ते वहीत मराठी उच्चारासकट लिहून घेतलं, माझ्याकडून दोनदा वदवून.

अण्णा-सासूबाईंचं परतीचं तिकीट ऑक्टोबरचं होतं. शेवटच्या आठवड्यात आम्ही शॉनचा 2015 चा मोठा चित्रपट लावला, तोही पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनशब्दांचा. त्यात फार्मर शहरात हरवतो आणि त्याची आठवण जाते. मेंढ्या त्याला शोधायला निघतात. सासूबाईंना पहिल्यांदाच तात्पर्य सापडलं आणि त्या ते सांगायला लागल्या. अण्णा म्हणाले, शेतकऱ्याला शोधायला मेंढरं कधी जात न्हाईत, शेळी जाईल. नवरा म्हणाला, मॅनेजर हरवला तर आमच्या ऑफिसातनं कुणीच जाणार नाही. मी चार बोटांच्या नियमाला धरून फार्मरच्या डोक्याला काय लागलं ते सांगत होते.

मनू सोफ्यावर उभी राहिली. "आजी गप. अण्णा गप. आई बोलू नको. मला बघायचंय."

मी थेरपिस्टला फोनवर सांगितलं, जरा ओशाळूनच. तिनं त्याचं इंग्रजी करून मागितलं, मग विचारलं, मूळ वाक्यात शब्द किती होते?